कानशीची पटाशी

शनिवार, संध्याकाळ

झिजलेली कानस लोहामंडीतल्या भंगारात किलोच्या भावाने मिळते. घरी पटाशी घडवायला इतकं चांगलं पोलाद सहजी दुसरं मिळत नाही. चांगल्या कानशीत कार्बन साधारण १.२ टक्के असतो. ट्रकच्या कमानपाट्यात त्याच्या निम्माच असतो, म्हणून कमानपाट्याची पटाशी मार खूप सोसते पण धार फार टिकवत नाही.

मात्र प्रत्येक कानस आतपर्यंत पोलादी असतेच असं नाही. काही स्वस्त कानशी आतून साध्या लोखंडाच्या आणि वरून फक्त कडक कवचाच्या असतात. ओळखायचं ग्राइंडरवर. कडेला एकाच जागी दोनेक मिलिमीटर खोल जाईपर्यंत टेकवायची आणि ठिणग्या बघायच्या. आत गेल्यावरही ठिणगी आखूड राहून तिला टोकाशी दाट फाटे फुटत असतील तर माल खरा. सरळ लांब रेघाच उडू लागल्या तर ती कानस बाजूला ठेवावी, कितीही पाणी दिलं, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून कडक केलं, तरी तिला धार येणार नाही.

१० इंची चपटी कानस घेतली आहे, २५ मिलिमीटर रुंद. आज काम एकच, ती नरम करायची. जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी, खालून लोखंडी नळी, नळीला लहान ब्लोअर, वर लाकडी कोळसा. नळी साधी काळी असावी. गॅल्व्हनाइज्ड नळी तापली की जस्ताचा धूर सुटतो आणि तो छातीला वाईट.

कानस लाल झाली की मधूनमधून चुंबक लावून बघायचा. चुंबक धरेनासा झाला की आणखी किंचित तापवून लगेच कोरड्या राखेत पुरायची. राख निम्मी बादली तरी हवी आणि ती खरोखर कोरडी हवी. पावसाळ्यात इंदूरच्या हवेत उघडी राहिलेली राख ओल धरते, त्या ओलीने पोलाद झटकन थंड होऊन परत कडक होतं आणि सकाळी हॅक्सॉचं पातं त्यावर नुसतं घसरतं. म्हणून राख आधी तव्यावर भाजून घ्यावी. रात्रभर तिला हात लावायचा नाही.

रविवार, दुपार

पातं व्यवस्थित कापतंय, म्हणजे नरम झाली. आता आकार.

सगळ्यात महत्त्वाचं काम दाते घालवण्याचं, आणि नेमका इथेच कंटाळा केला जातो. दात्याची प्रत्येक खाच म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. पाणी देताना पोलाद आक्रसतं, ताण त्या खाचेत गोळा होतो आणि टिंग असा आवाज येतो. तो आवाज आला की तुकडा गेला. दिसायला छान म्हणून दाते पाठीवर ठेवायची टूम निघाली आहे, पण ज्या हत्यारावर हातोडी पडणार त्यावर एकही खाच राहता कामा नये. पाठ पूर्ण सपाट, कडा किंचित मारलेल्या. मुठीत जाणारी शेपटी जिथे पात्याला मिळते तो कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, गोल कानशीने तिथे तीनेक मिलिमीटरची गोलाई द्यायची. पटाशी मोडते ती बहुतेक तिथेच.

उतार २५ अंशांचा काढायचा, पण धार आत्ताच आणायची नाही. टोक एक मिलिमीटर जाड राहू द्यावं. कागदासारखी पातळ धार भट्टीत जळते, कार्बन उडून जातो आणि उरतं ते वाकतं.

आकार झाला की तुकडा चुंबक सोडेपर्यंत तापवून साध्या हवेत काळा होऊ द्यायचा. असं तीन वेळा. पोलादाचा कण त्याने बारीक होतो. कापलेल्या उरल्यासुरल्या पट्टीलाही हीच प्रक्रिया करून, पाणी देऊन, व्हाइसमध्ये धरून मोडून बघावी. डोळ्यांवर चष्मा हवाच. मोडलेला भाग एकसारखा मऊ करडा दिसला तर उत्तम. साखरेचे दाणे चमकावेत तसा दिसला तर आच जास्त झाली, आणि ती पटाशी धारेला खपल्या सोडत राहील.

रविवार, तिन्हीसांजा

पाणी द्यायचं काम सावलीत किंवा अशा वेळीच करावं. भर उन्हात लाल रंग फिका दिसतो, माणूस आणखी तापवत जातो आणि पोलाद जळतं.

पाणी म्हणायचं, पण इथे तेल वापरायचं. कानशीच्या पोलादाला खरं पाणी फार कडक पडतं, पाच-सहा मिलिमीटरची पट्टी तडकायची भीती मोठी. माळव्यात घरोघरी असतं तेच सोयाबीनचं तेल चालतं. तीन-चार लिटर, उभ्या पत्र्याच्या डब्यात, ५० ते ६० अंश कोमट करून. कोमट तेल पातळ होतं आणि उष्णता लवकर ओढतं. डब्याला बसणारं झाकण हाताशी हवं. तेलाने पेट घेतला तर झाकण टाकायचं, पाणी नाही. गाडीचं जळकं ऑइल वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो.

धारेकडचे अडीच-तीन इंचच तापवायचे, शेपटी नरमच राहायला हवी. चुंबक सोडला की रंग आणखी एकच छटा वर जाऊ द्यायचा, साधारण ८०० अंश, की सांडशीने उभी सरळ तेलात. वर-खाली हलवायची, आडवी फिरवली की वाकते. बुडबुडे थांबेपर्यंत बाहेर काढायची नाही. मग नव्या कानशीचा कोपरा धारेजवळ घासून बघायचा. कानस न चावता घसरली म्हणजे कडक झाली.

या अवस्थेत ती काचेइतकी ठिसूळ असते, फरशीवर पडली तरी तुकडे होतील. म्हणून उतरवण्याचं, म्हणजे मंद आचेवर परत तापवून ठिसूळपणा घालवण्याचं काम उद्यावर टाकायचं नाही. घासून चकचकीत करायची, ओटीजीमध्ये (स्वयंपाकघरातल्या विजेच्या ओव्हनमध्ये) जाड लोखंडी पट्टीवर ठेवायची, २१० अंशांवर एक तास, थंड करून परत एक तास. ओटीजीचा काटा वर-खाली होत राहतो, जाड पट्टी ते चढउतार पोटात घेते. रंग पिवळा यायला हवा. तपकिरी म्हणजे जरा नरम, जांभळा आला तर लाकडाच्या पटाशीला फार नरम.

सोमवार, रात्र

धार. जाड काचेच्या तुकड्यावर वेट पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर), जाड्यापासून बारीक नंबरापर्यंत: २२०, ४००, ८००, १५००. आधी पाठ, निदान टोकाचा एक इंच आरशासारखा होईपर्यंत. उतार कितीही घासला आणि पाठ तशीच राहिली तर धार लागत नाही, कारण धार दोन बाजू मिळतात तिथे असते. ग्राइंडर लावायचाच झाला तर दर टेकवणीनंतर पाण्यात बुडवावी. निळा डाग पडला की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, तो भाग घासून काढण्यावाचून इलाज नाही. शेवटी टोकाला ३० अंशांची बारीक कड, शिसवीसारख्या लाकडाला ती लागतेच.

मूठ बाभळीची, पक्क्या वाळलेल्या लाकडाची. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडावर मुठीचं धातूचं कडं बसवलं तर वैशाखात लाकूड आक्रसून ते सैल होतं. शेपटीचं भोक टप्प्याटप्प्याने पाडावं, तोंडाशी ८ मिलिमीटर आणि आत ६, म्हणजे शेपटी घट्ट बसते आणि लाकूड चिरत नाही.

पहिल्यांदा वापरताना सागवानाच्या आडव्या रेषेवर दहा-बारा ठोके देऊन भिंगातून धार बघावी. खपली उडाली असेल तर २२० अंशांवर पुन्हा एक तास. धार वळली असेल तर पाणी कमी लागलंय, मग परत भट्टीपासून सुरुवात.