तुम्ही विचारलंत म्हणून: त्याच त्या रानात सारखं काय बघायला जाता?

आम्ही इंग्लंडात, लंडनजवळच्या स्लाऊत राहतो. भारतातून पाहुणे आले की त्यांची यादी तयारच असते: टॉवर ब्रिज, विंडसरचा किल्ला, वेळ उरला तर ऑक्सफर्ड. त्या यादीत मी माझ्याकडून एक जागा घालते आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो. पाहुणे विचारतात, ऑफिसातले विचारतात, माझी नणंद तर दर फोनला विचारते, "अगं, वर्षातून दहा-बारा वेळा त्याच रानात जातेस. तिथे आहे तरी काय?" आजवर "छान वाटतं" एवढंच सांगत आले. आज नीट सांगते.

रानाचं नाव बर्नहॅम बीचेस. बीच म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. माझा मावसभाऊ तर मुलांचे पोहायचे कपडे घेऊन आला होता. हा बीच म्हणजे झाड, उच्चार तेवढा सारखा. स्लाऊच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर, बकिंगहॅमशर परगण्यात हे सुमारे २२० हेक्टरचं रान आहे. फार्नहॅम कॉमन नावाच्या गावात बसमधून उतरायचं आणि थोडं चालायचं. तिकीट नाही, दरवाजा नाही.

वाघ, धबधबा, कडा, देऊळ यांतलं तिथे काही नाही. हीथ्रो विमानतळ फार लांब नसल्यामुळे डोक्यावरून विमानंही जातात. तरीही मी त्याला शांत रान म्हणते, कारण दोन विमानांच्या मधल्या वेळात सुतार पक्ष्याची टकटक दुरूनसुद्धा मोजता येते. बीचची सावली इतकी दाट की खाली फारसं काही उगवत नाही. वर्षानुवर्षांचा पाचोळा पडलेला असतो, त्यावरून चाललं की स्वतःच्याच पावलांचा आवाज मोठा वाटतो. माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. माझी मुलंही, आणि ती घरात कधीच हळू बोलत नाहीत.

पण मी जाते ती तिथल्या म्हाताऱ्या झाडांसाठी. सरळ वाढलेला बीच राखाडी, गुळगुळीत आणि उंच असतो. हे म्हातारे तसे नाहीत. दीड-दोन पुरुष उंचीपर्यंत जाडजूड, गाठी आलेलं, कित्येकदा आतून पूर्ण पोकळ झालेलं खोड, आणि तिथून पुढे मुठीतून बोटं निघावीत तशा आठ-दहा फांद्या, एकेक स्वतंत्र झाडाएवढी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वीज पडली असेल किंवा रोग झाला असेल. खरं काय ते आप्पांनी सांगितलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. राजापूर तालुक्यातले, आयुष्यभर भातशेती केलेले. आठ वर्षांपूर्वी जून महिन्यात ते आमच्याकडे आले होते. लंडन त्यांनी एका दिवसात बघून संपवलं आणि मग खिडकीशी बसून राहिले. पेरणीच्या दिवसांत घर सोडून आलो ही रुखरुख होती. म्हणून मी त्यांना रानात नेलं. एका जुन्या बीचपाशी ते थांबले, खोडाला हात लावून सावकाश एक फेरी मारली, वर बघितलं आणि म्हणाले, "अगो, ह्याची कवळ तोडायचे हे लोक."

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. भाताचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, जिथे पेरायचा ती जागा आम्ही उन्हाळ्यात भाजतो. शेण, पालापाचोळा आणि झाडाच्या पानासकट तोडलेल्या फांद्या पसरायच्या आणि पेटवायच्या, ती भाजावळ. त्या फांद्या म्हणजे कवळ. ऐन, किंजळ अशा झाडांची कवळ कोयत्याने तोडतात. झाड मरत नाही, पुन्हा फुटतं. मुळाशी घाव घालायचा नाही, अंगावरचं तेवढं घ्यायचं, हे आप्पांच्या हातात मुरलेलं होतं. त्यामुळे सात हजार किलोमीटरवरचं एक अनोळखी झाड त्यांनी त्याच्या खुणांवरून वाचलं.

एक गोष्ट मात्र त्यांना कळेना. "आपण शेंडा राखतो. ह्यांनी शेंडाच उडवलाय, तोही इतक्या वर. शिडी लावून एवढी मेहनत कशाला?" आम्ही पुढे निघालो आणि वळणावर चार गायी उभ्या. आप्पांनी गायीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. "गुरांचं तोंड पोचू नये म्हणून." मी नंतर घरी येऊन वाचलं, तर शब्दशः तेच. इंग्लंडात याला पोलार्डिंग म्हणतात. खाली तोडलं तर नवा कोंभ गुरं खाऊन टाकतात, म्हणून त्यांचं तोंड पोचणार नाही इतक्या उंचीवर तोडायचं. खाली चराई, वर सरपण, एकाच जमिनीवर दोन्ही. जमीन मालकाची असली तरी आजूबाजूच्या गावकऱ्यांना तिथे चराईचे आणि सरपणाचे हक्क असत. अशा जागेला ते कॉमन म्हणतात. आपल्या गायरानाच्या जवळची कल्पना. शरद ऋतूत बीचची त्रिकोणी बी आणि ओकची फळं पडली की डुकरंही सोडायचे.

साधा बीच अडीचशे-तीनशे वर्षांत थकतो. इथले पोलार्ड चारशेच्या आसपास पोचलेत. ओक त्याहून जुने. ड्रुइड्स ओक नावाचा एक आहे, त्याचं वय आठशेच्या पुढे मानतात. सतत छाटल्यामुळे माथा हलका राहतो, वारा लागत नाही, आणि झाड आतून पोकळ झालं तरी उभं राहतं. या रानाचं हे आयुष्य कुऱ्हाडीने दिलेलं आहे, हे मला पचायला वेळ लागला. मी शहरात शिकले. "झाड तोडू नका" एवढंच शिकले होते.

मग सुमारे २०० वर्षांपूर्वी छाटणी थांबली. कोळसा मिळायला लागला, सरपणाची गरज सरली. कुणी वाईट केलं नाही, फक्त येणं सोडलं. पण फांद्या वाढतच राहिल्या. मनगटाएवढ्या होत्या त्या कमरेएवढ्या झाल्या आणि खालचं पोकळ खोड त्या वजनाने फाटायला लागलं. विसाव्या शतकात असे कितीतरी म्हातारे कोसळले. शेवटी रान सांभाळणाऱ्यांनी पुन्हा छाटायचं ठरवलं, तर कळलं की ती कलाच कुणाला येत नाही. दोनशे वर्षं न छाटलेल्या बीचच्या सगळ्या फांद्या एकदम काढल्या तर तो फुटत नाही, मरतो. काही झाडं तशी गेली. तेव्हा त्यांनी स्पेनमधल्या बास्क प्रदेशातली माणसं गाठली, कारण तिथे अजून कुऱ्हाडीने बीच छाटणारे हात होते. आता एका झाडाचं ओझं वर्षानुवर्षं, थोडं थोडं करून उतरवतात. शिवाय कोवळी झाडं पहिल्यांदा छाटून नवे पोलार्ड तयार करताहेत, तीनशे वर्षांनंतरच्या लोकांसाठी. गुरंही १९९० च्या दशकात परत आणली. रस्त्यांकडेला कुंपण नको म्हणून तेव्हा जमिनीत तार पुरली होती. गुरं तिच्याजवळ आली की त्यांच्या गळ्यातला पट्टा इशाऱ्याचा आवाज करायचा. आप्पांना मी तो पट्टा दाखवला. त्यांना फार आवडला. "आमच्या तांबडीला एक पाठव," म्हणाले.

हे रान उरलं कसं, तेही सांगायला हवं, कारण ते सहज उरलेलं नाही. १८७९ साली ही जमीन विकायला निघाली, बंगले बांधायला उत्तम अशा जाहिरातीने. फ्रान्सिस जॉर्ज हीथ नावाच्या निसर्गलेखकाने ती वाचवण्यासाठी खटपट केली, आणि १८८० मध्ये लंडन शहराच्या महापालिकेने, सिटी कॉर्पोरेशनने, हे रान लोकांसाठी घेतलं. शहराच्या हद्दीबाहेर, चाळीस किलोमीटर लांब! १८७८ चा एक कायदा होता, शहरापासून २५ मैलांच्या आतली मोकळी जमीन लोकांच्या विरंगुळ्यासाठी घेता येईल असा. त्या कायद्याचा मला मनापासून आदर वाटतो. आजही तीच संस्था रान चालवते. पडलेलं झाड शक्यतो पडल्या जागी राहू देतात, कारण कुजणाऱ्या लाकडावर जगणारे किडे आणि अळंबी हेच तिथलं मोठं धन. अळंबी तोडायला बंदी आहे. पहिल्या पावसानंतरच्या आमच्या अळंबीच्या भाजीची आठवण येते, पण मी एकही कधी तोडली नाही.

बरोबर कुणी येणार असेल तर मी एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात नेते. तेव्हा पान नुकतं उलगडलेलं असतं, कडेला बारीक रेशमी लव, आणि ऊन त्यातून आरपार येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सगळं तांब्याच्या भांड्यासारखं होतं, तेव्हा गर्दीही असते. मी एकटी जाते ती हिवाळ्यात. पानं नसली की कुठल्या फांदीचा भार कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. कोवळे बीच मात्र वाळकी पानं वसंतापर्यंत अंगावर धरून ठेवतात, वारा आला की त्यांची सळसळ होते.

आणि सारखं का, ते आता. आप्पा ब्याऐंशीचे आहेत, पुन्हा विमानात बसणार नाहीत. त्या दिवशी ज्या झाडाला त्यांनी फेरी मारली होती त्याची चौकशी ते दर फोनला करतात. आधी पाऊसपाणी, मग नातवंडं, मग "ते कवळीचं कसं आहे?" मला बघून आल्याशिवाय सांगता येत नाही. या फेब्रुवारीत मोठा वारा झाला, दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. पश्चिमेकडची सर्वांत जाड फांदी खाली आली होती, बुंध्याची साल सोलून. बाकीच्या सात उभ्या आहेत. आप्पांना सांगितलं तर त्यांनी विचारलं, घावाच्या कडेला कोंभाची गाठ दिसते का. या वयाचा बीच फुटेलच असं नसतं, पण ते मी बोलले नाही. पानं येतील तेव्हा नीट बघून फोटो पाठवते म्हटलंय. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी जाणार आहे. यायचं असेल तर सांगा.