तुम्ही विचारलेत म्हणून: पेटंटमध्ये नेमके काय माझे आहे?

माझ्या नावावर इलेक्ट्रॉनिक्समधली काही पेटंट आहेत असे कुणी ओळख करून देताना सांगितले, की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘म्हणजे तुम्ही नेमके काय शोधलेत?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादे अख्खे यंत्र असते, आणि मी मात्र ‘काचेवरच्या बटणाला बोट आणि ओले फडके यांतला फरक कळावा याची एक रीत’ असे उत्तर देते. त्यावर ‘एवढेच?’ हा शब्द बहुतेक जण सभ्यपणे गिळतात. तो मला ऐकू येतो, आणि त्याचेच उत्तर द्यावे असे फार दिवस मनात होते.

काचेखालची स्पर्शाची बटणे आता विजेच्या शेगडीपासून कपडे धुण्याच्या यंत्रापर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांत हलणारा भाग नसतो. काचेच्या आतल्या बाजूला तांब्याचा एक पातळ तुकडा असतो, त्याचे कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, यंत्रातली चिप सेकंदातून अनेकदा मोजत असते, आणि बोट जवळ आले की ते किंचित वाढते. ही वाढ ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेली की बटण दाबले गेले असे चिप मानते. कोरड्या काचेवर हे उत्तम चालते, पण वापरातल्या शेगडीची काच कोरडी राहत नाही. ती पुसायला माणूस ओले फडके घेतो, आणि विजेच्या दृष्टीने हातात धरलेले ओले फडके म्हणजे एक रुंद, सरकणारे बोटच असते. ते बटणांवरून फिरले की चालू शेगडी बंद होते, किंवा, आणि हे अधिक वाईट, बंद शेगडी सुरू होते.

पहिला उपाय कुणालाही सुचेल असा होता: मर्यादा वाढवायची. तो आम्ही करून पाहिला आणि फडक्याचा त्रास कमी झाला, पण ज्यांच्या बोटांची त्वचा कोरडी असते, विशेषतः वयस्कर माणसे, त्यांना एकच बटण तीन-तीनदा दाबावे लागू लागले. दुसरा उपाय इतरांनी आधीच वापरलेला होता, तो असा की दोन-तीन बटणे एकदम जागी झाली तर सगळीच नाकारायची. यात एक भोक होते आणि ते सापडायला आम्हाला बरेच दिवस लागले. फडके काचेवर येते ते कडेने येते. पहिल्या क्षणी ते फक्त टोकाच्या बटणावर असते, शेजारच्या बटणाला त्याचा पत्ताही नसतो, आणि तेवढ्यात चिपने निर्णय घेऊन टाकलेला असतो.

एका दुपारी मी पाच बटणांची एक पट्टी टेबलावर ठेवून, प्रत्येक बटणाच्या मोजणीची एक अशा पाच रेषा पडद्यावर लावून, नुसती काच पुसत बसले. डावीकडून, उजवीकडून, फडक्याची घडी करून, पिळून, न पिळता, आणि मधून मधून साध्या बोटाने बटण दाबून. बोट वरून उतरते तेव्हा एक रेषा उभी चढते, तिच्या शेजारच्या दोन्ही रेषा त्याच क्षणी थोड्याशा उचलल्या जातात, आणि मग तिन्ही सपाट होतात, कारण बोट काचेवर टेकून थांबलेले असते. फडके येते तेव्हा पहिली रेषा चढते, ती सपाट होण्याआधीच दुसरी निघते, तिच्या मागून तिसरी. हे एकदा दिसल्यावर उपाय समोरच होता: मर्यादा ओलांडली गेली तरी लगेच निर्णय घ्यायचा नाही, सेकंदाचा अगदी छोटा भाग थांबायचे, आणि रेषा सपाट झाली की शेजारची निघाली एवढे पाहायचे. एकही नवा सुटा भाग लागला नाही. होती त्याच चिपमध्ये प्रोग्रॅमच्या काही ओळी वाढल्या.

पेटंटच्या अर्जाला दोन अंगे असतात. एकात शोधाचे सविस्तर वर्णन असते, इतके की त्या विषयातल्या कुणाही जाणकाराला ते वाचून ती वस्तू करता यावी. दुसऱ्यात दावे असतात, म्हणजे नेमके काय आपले आहे ते सांगणारी वाक्ये. प्रत्येक दावा रिवाजाने एकाच वाक्यात लिहायचा असतो, मग ते वाक्य कितीही लांबो, आणि कायद्याने संरक्षण मिळते ते फक्त त्या वाक्याला. आमच्या पहिल्या मसुद्यातला पहिला दावा, पाणी आणि बोट वेगळे ओळखणारे कोणतेही स्पर्शाचे बटण, असा ऐसपैस होता. अर्ज तपासणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने एका वेगळ्याच प्रकारच्या उपकरणाविषयीचा जुना दस्तऐवज समोर ठेवला आणि दाखवून दिले की यातले बरेचसे जगाला आधीच ठाऊक आहे. पत्र वाचून मी फार खट्टू झाले होते. नंतर दावा कापत कापत आम्ही जिथे पोहोचलो, तिथे शिल्लक राहिले ते एवढेच: रेषा चढण्याचा क्रम, आणि सपाट होण्याची वाट पाहणे. म्हणजे त्या दुपारी खरोखर जे सापडले होते, नेमके तेवढे. परीक्षकाने माझे काही काढून घेतले नव्हते. जे माझे नव्हतेच ते बाजूला केले होते. या कापाकापीविषयी संशोधक कडवटपणे बोलतात हे मी ऐकलेले आहे, पण माझे मत तेव्हापासून निराळे झाले.

घरगुती उपकरणांतले शोध बहुधा असेच असतात असे मला वाटते, आणि त्याचे माझे आवडते उदाहरण टीव्हीच्या रिमोटचे आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० मध्ये तारेने जोडलेला रिमोट आणला. त्याची तार खोलीभर पसरे आणि लोक तिला अडखळत. १९५५ मध्ये त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यांनी तार काढून टाकली. पिस्तुलासारखी दिसणारी एक विजेरी आणि पडद्याच्या चार कोपऱ्यांत चार प्रकाशसंवेदक अशी त्यांची रचना होती, पण खोलीत ऊन आले की ते संवेदक उन्हालाही दाद देत. मग रॉबर्ट ॲडलर या व्हिएन्नात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने ध्वनीचा मार्ग धरला. त्यांच्यापुढे एक अट होती: रिमोटमध्ये बॅटरी नको, कारण ती संपली की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असे समजेल अशी विक्रेत्यांना भीती होती.

ॲडलर यांनी काय केले ते हातात घेऊन पाहण्यासारखे आहे. रिमोटच्या आत सुमारे अडीच इंच लांबीच्या, एकमेकींपेक्षा किंचित कमीजास्त लांबीच्या ॲल्युमिनियमच्या चार कांड्या. बटण दाबले की स्प्रिंग ताणली जाऊन सुटते आणि एक छोटी हातोडी कांडीच्या टोकावर आदळते. ॲल्युमिनियममधून आवाज सेकंदाला सुमारे ५,००० मीटर वेगाने जातो. अडीच इंचांच्या कांडीत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन परत येण्याचा हिशेब केला तर सेकंदाला ४०,००० च्या आसपास कंपने होतात, आणि माणसाचा कान २०,००० च्या पुढे ऐकत नाही. प्रत्येक कांडीची लांबी वेगळी म्हणून तिचा सूरही वेगळा, आणि टीव्हीतले मंडल (सर्किट) त्या सुरावरून आज्ञा ओळखते. रिमोटला लागणारी सगळी ऊर्जा अंगठ्याच्या दाबातून येते. खर्च पडला तो दुसऱ्या टोकाला: हे सूर ओळखण्यासाठी टीव्हीत सहा जादा व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या काचेच्या नळ्या, घालाव्या लागल्या आणि संचाची किंमत सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. तरीही १९५६ मध्ये बाजारात आलेली ही पद्धत, पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर स्वस्त होऊन, १९८० च्या दशकात अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचे रिमोट रुळेपर्यंत टिकली.

ठोकल्यावर धातूची कांडी ठरावीक सुरात वाजते हे ॲडलर यांच्या कितीतरी आधीपासून माहीत होते. हातोडी, स्प्रिंग, व्हॉल्व्ह, टीव्ही, सगळे जुने. त्यांचे स्वतःचे काय, असे कुणी विचारले असते तर उत्तर एका वाक्याचे झाले असते, आणि त्या वाक्याला जन्म दिला तो बॅटरी नको म्हणणाऱ्या अटीने. अट नसती तर कदाचित कुणी हातोडीकडे वळलेही नसते.

सुटे भाग जुने असतील तर शोध कसला, हा आक्षेप न्यायालयातही घेतला गेलेला आहे. मोटारीच्या काचेवरचा वायपर थांबून थांबून चालवणारे मंडल रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात तयार केले. विजेला अडवणाऱ्या रेझिस्टरमधून विद्युतभार साठवणारा कपॅसिटर हळूहळू भारित होतो, पुरेसा भारित झाला की ट्रान्झिस्टर हा विजेचा स्विच वायपरला एक फेरी मारायला लावतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. रेझिस्टर बदलला की थांबण्याचा वेळ बदलतो. त्यांनी फोर्ड या मोटार कंपनीवर खटला भरला तेव्हा कंपनीचे म्हणणे हेच होते की यात नवा असा एकही भाग नाही. पेटंट वैध ठरले आणि १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. त्या लढाईत कर्न्स यांचे आयुष्य किती खर्ची पडले हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. जुळणी हाच शोध असू शकतो, हे मात्र त्यातून पक्के झाले.

आता ‘तुमच्या नावावर’ या शब्दांविषयी. कागदावर संशोधक म्हणून माझे नाव आहे आणि ते कायम राहील. मालकी मात्र मी जिथे नोकरी करत होते त्या कंपनीची, कारण नोकरीच्या करारातच तसे लिहिलेले होते. मालकी असणे म्हणजे वस्तू बनवण्याची परवानगी मिळणे असाही एक समज आढळतो. प्रत्यक्षात पेटंट फक्त दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देते, तोही जिथे ते मंजूर झाले त्याच देशात, अर्जाच्या तारखेपासून जास्तीत जास्त २० वर्षे, आणि बहुतेक ठिकाणी मुदतीत ठरावीक शुल्क भरत राहिले तरच. माझी स्वतःची वस्तू माझ्या पेटंटमुळे सुरक्षित ठरत नाही. तिच्यात दुसऱ्या कुणाचा दावा वापरला जात असेल तर तो मला अडवू शकतो. या हक्काच्या मोबदल्यात शोध उघड करावा लागतो. साधारणपणे अर्जानंतर १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो आणि ज्याला वाचायचा त्याला वाचता येतो.

आमच्या कंपनीने पुढे शेगड्या बनवणेच थांबवले आणि त्या पेटंटचे शुल्क भरणेही बंद केले. तेव्हापासून ती रीत कुणालाही वापरता येते, न विचारता, न पैसे देता. हे कळले त्या दिवशी मला वाईट वाटले होते. आज मनापासून बरे वाटते, कारण ओल्या फडक्याने शेगडी पुसणारी माणसे अजून आहेत. तो दस्तऐवज कुणी उघडून पाहिलाच तर दावे समजले नाहीत तरी हरकत नाही, आकृती पाचवी पाहावी. तिच्यात एकाखाली एक अशा पाच रेषा आहेत, डावीकडची आधी चढलेली, तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. त्या दुपारी डावीकडून फडके फिरवताना पडद्यावर उमटल्या, तशाच आम्ही त्या छापायला दिल्या.