दोघांचं स्थलांतर, एकाचा हक्क

निवृत्तीनंतर ब्रिटन सोडून युरोपात राहायला जाणाऱ्यांची कागदपत्रं लावून देणं हे माझं काम. व्हिसा, कर, बँक याविषयी लोक बरंच काही वाचून आलेले असतात. आरोग्याच्या कव्हरचं विचारलं की मात्र एकच उत्तर येतं, "आम्ही आयुष्यभर नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी) भरलाय." त्या शुक्रवारी आलेल्या जोडप्यानंही तेच सांगितलं.

ते ६८ वर्षांचे, त्या ६२ च्या. स्पेनमध्ये आलिकांते या समुद्रकाठच्या शहराजवळ त्यांनी एक घर पसंत केलं होतं. इथल्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं आणि सोमवारी विक्रीचे करार एक्स्चेंज व्हायचे होते. इंग्लंडमध्ये एक्स्चेंज होईपर्यंत दोन्ही बाजूंना माघार घेता येते. नंतर मागे फिरणं फार महागात पडतं. माझ्याकडे ते आले होते फक्त एक राहिलेला फॉर्म भरून घ्यायला.

तो फॉर्म एस-वनचा. ब्रिटनची स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, घेणारा माणूस स्पेनमध्ये कायमचा राहायला गेला, तर तिथल्या सरकारी उपचारांचा त्याचा खर्च ब्रिटन उचलतं, त्याचा हा दाखला. ब्रेक्झिटबरोबर ही सोय संपली असं पुष्कळांना वाटतं, पण १ जानेवारी २०२१ नंतर जाणाऱ्यांनाही ती आहे. पेन्शन मात्र सुरू झालेली हवी. गृहस्थांची सुरू होती. बाईंची सुरू व्हायची ६७ व्या वर्षी.

"तोवर मी त्याच्या फॉर्मवर असेन ना?" त्यांनी विचारलं.

मी लग्नाचा दाखला मागितला. दोघं एकमेकांकडे बघून हसले. तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिलेले, पण लग्न केलेलं नव्हतं.

डिपेंडंट, म्हणजे हक्कदारावर अवलंबून असलेलं माणूस, कोणाला मानायचं हे ब्रिटन ठरवत नाही, जिथे राहायला जायचं तो देश ठरवतो. विवाहित जोडीदाराला दाखला पुढे करता येतो. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना नातं आधी कायद्यानं सिद्ध करावं लागतं, आणि इतकी वर्षं एकाच छताखाली काढली एवढं त्याला पुरत नाही. मी हे सांगितलं आणि लगेच विचारलं, "तुम्हाला कुठली औषधं चालू आहेत?" मी हे प्रत्येकाला विचारते, पण त्या दिवशी उत्तर ऐकण्याआधीच मला धास्ती वाटली होती.

बाईंना रूमॅटॉइड आर्थ्रायटिस हा सांध्यांचा आजार होता. दर पंधरा दिवसांनी बायोलॉजिक, म्हणजे जैविक प्रकारच्या औषधाचं, इंजेक्शन. त्याच्या जोरावर त्या चालत होत्या, बाग करत होत्या. एनएचएसकडून, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेकडून, ते मिळत असल्यामुळे त्याची खरी किंमत किती, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. एनएचएसचा हक्क मात्र भरलेल्या वर्गणीवर मिळत नाही, तो इथे वास्तव्य असल्यामुळे मिळतो. कायमचं घर हलवलं की तो हक्क संपतो, मग नॅशनल इन्शुरन्स चाळीस वर्षं भरलेला असो.

पुढचा तासभर आम्ही एकेक वाट तपासली. खाजगी पॉलिसी? त्यांच्या व्हिसासाठी कोपेमेंट (उपचाराच्या खर्चातला आपला वाटा) आणि वेटिंग पिरियड (कव्हर सुरू होण्याआधीची मुदत) नसलेली पॉलिसी लागते. तशा पॉलिसी बाजारात मिळतात, पण आधीपासूनचा आजार त्यातून सहसा वगळलेला असतो. मी त्यांच्यासमोरच दोन ठिकाणी फोन लावला. एकानं अर्जच नको म्हटलं. दुसऱ्यानं सांध्यांशी संबंधित काहीही सोडून बाकी सगळं देऊ केलं. म्हणजे व्हिसाचं काम झालं असतं आणि इंजेक्शन उघड्यावर राहिलं असतं. माझ्या मते अशी पॉलिसी सर्वांत घातक, कारण ती हातात असली की माणूस निर्धास्त होतो. मग स्पेनची कॉन्वेनिओ एस्पेसियाल, म्हणजे दरमहा पैसे भरून सरकारी उपचार घेण्याची योजना. ६५ वर्षांखालच्यांना महिना ६० युरो, पुढे १५७, आणि तिथे आधीच्या आजाराची आडकाठी नाही. पण त्यासाठी आधी स्पेनमध्ये सलग वर्षभर राहिलेलं असावं लागतं, आणि फार्मसीतून घ्यायच्या औषधांचे पूर्ण पैसे स्वतः भरावे लागतात. ते पहिलं वर्ष कसं काढायचं, हा प्रश्न उरलाच.

ज्या माणसाला वर्षाकाठी एखादी रक्तदाबाची तपासणी पुरत होती, त्याला सगळं कव्हर एका अर्जावर मिळत होतं. जिचं हिंडणंफिरणं औषधावर अवलंबून होतं, तिला काहीच नाही. या नियमांची मला सवय आहे, तरी तो अन्याय त्या खोलीत मला फार बोचला.

"मग लग्न करू या," ते म्हणाले. इंग्लंडमध्ये त्यासाठी २८ दिवसांची नोटीस द्यावी लागते, नंतर दाखल्यावर अपॉस्टिल (तो परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं सरकारी प्रमाणपत्र) आणि त्याचं अधिकृत स्पॅनिश भाषांतर. अशक्य काहीच नव्हतं. बाई मात्र गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लग्न न करणं हा आमचा निर्णय होता. ते काही राहून गेलेलं काम नव्हे." आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून, सहसा कुणी विचारत नाही ते विचारलं. "हा माझ्याआधी गेला तर?"

मी खरं ते सांगितलं. डिपेंडंट म्हणून मिळालेलं कव्हर मूळ हक्कदाराला बांधलेलं असतं. त्याच्यामागे ते तसंच चालू राहील असं धरून चालता येत नाही, तेव्हा स्वतःचा हक्क दाखवावा लागतो. ऐन दुःखाच्या दिवसांत, परक्या भाषेतल्या कार्यालयात.

"म्हणजे माझं माझ्या नावावरच हवं," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या टेबलावरूनच सॉलिसिटरला फोन केला आणि सोमवारचं एक्स्चेंज थांबवलं. गृहस्थांचा चेहरा उतरला होता. समुद्राचं स्वप्न त्यांचं होतं. तरी फोन चालू असेपर्यंत त्यांचा हात बाईंच्या खांद्यावर होता.

घर विकलं नाही. आता ते दोघं युरोपातल्या शेंगेन देशांमधल्या मुक्कामाच्या नियमात राहून, १८० दिवसांत ९० पर्यंत, तिथे भाड्यानं राहतात. त्यांचं मूळ वास्तव्य इथलंच असल्यामुळे एनएचएस शाबूत आहे. सोबत ब्रिटनचं ग्लोबल हेल्थ इन्शुरन्स कार्ड असतं. त्यावर तिथल्या सरकारी दवाखान्यात गरजेचे उपचार मिळतात, जुना आजार बळावला तरीही. मायदेशी आणण्याचा खर्च त्यात नसतो, म्हणून आजार जाहीर करून वेगळी प्रवास पॉलिसी घ्यायला लावली. इंजेक्शनं २ ते ८ अंश तापमानाच्या पिशवीत जातात, बरोबर डॉक्टरांचं पत्र. मुक्काम किती दिवसांचा करायचा, हे आधी हॉस्पिटलकडून किती इंजेक्शनं मिळतात ते बघून ठरतं.

एस-वनचा अर्ज गृहस्थांनी अजून केलेला नाही. बाईंची पेन्शन सुरू झाल्यावर दोन अर्ज करायचे, प्रत्येकाचा आपापल्या नावावर, असं त्यांचं ठरलंय.