टेस्ट चुकली होती, कंपायलर नाही

सकाळपासून टिळकवाडीत पावसाची झड लागलीये. दोनदा लाईट गेली, पण आज खुर्चीवरून उठावंसंच वाटलं नाही.

आम्ही सी कंपायलर, म्हणजे सी भाषेतला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम, लिहितोय. त्याच्या टेस्ट माझ्या इंटेल लॅपटॉपवर सगळ्या पास होतात. त्याच काल रास्पबेरी पायवर (एआरएम प्रोसेसरचा छोटा कॉम्प्युटर) चालवल्या तर ११ फेल. रात्रभर कोड जनरेटरवर, म्हणजे कंपायलरच्या मशीन कोड तयार करणाऱ्या भागावर, संशय घेत बसलो. दुपारी कारण सापडलं. टेस्टमध्ये साध्या 'चार' (char, सीमधला एका बाइटचा टाईप) टाईपच्या व्हेरिएबलमध्ये उणे १ ठेवून तो शून्यापेक्षा लहान आहे का, असं विचारलं होतं. इंटेलवरच्या लिनक्समध्ये हा टाईप साइन्ड (उणे आकडेही चालतात), एआरएमवरच्या लिनक्समध्ये अनसाइन्ड (उणे आकडे नाहीतच). म्हणजे तिथे उणे १ चे होतात २५५! सी स्टँडर्डने (सी भाषेच्या अधिकृत नियमांनी) हा निर्णय प्रत्येक कंपायलरवर सोडलाय, त्यामुळे दोन्ही उत्तरं बरोबर. टेस्ट लिहिणाऱ्याने (मीच तो) आपल्या मशीनची सवय नियम समजून लिहिली होती.

कंपायलरला फ्लॅग (एखादी सेटिंग) देऊन सगळं गप्प करता आलं असतं. नाही केलं. जिथे चिन्ह हवं तिथे 'साइन्ड' स्पष्ट लिहिलं, एकेक फाईल उघडून. 'लाँग' (long, पूर्णांकांचा मोठा टाईप) ८ बाइटचाच असतो हे गृहीतही काढलं. ६४ बिट विंडोजवर तो ४ बाइटचा असतो.

एका वाक्यात मराठी, दुसऱ्यात कन्नड बोलणाऱ्या बेळगावात वाढलोय मी. समोरचा कुठला आहे हे आधी बघायची सवय बाजारात आपोआप लागते, कोडमध्ये लागायला इतकी वर्षं गेली.

संध्याकाळी साडेसहाला दोन्हीकडे सगळ्या पास. आईला हाक मारून स्क्रीन दाखवली.