शेवटच्या रांगेतून

कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात मी कधी पुढच्या रांगेत बसलोच नाही. तिकिटं मामा काढायचा आणि पुढे बसणं म्हणजे पैशाची नासाडी, असं त्याचं ठाम मत होतं. "आवाज पोचतोय न्हवं?" एवढं विचारून तो खुर्चीत पाय वर घेऊन बसायचा.

आवाज पोचायचा. एकदा नायिकेनं नुसता पदर सावरला, तर तिच्या बांगड्या आमच्यापर्यंत किणकिणल्या. उलट दिशेनंही तसंच. माझ्या शेजाऱ्यानं ऐन शोकप्रसंगात शेंगदाण्याची पुडी सोडली आणि वरचा म्हातारा नट रडता रडता थांबून थेट आमच्याकडे बघायला लागला. रंगमंचाखाली विहीर आहे, म्हणून आवाज घुमतो, असं मामा सांगायचा. मी कधी वाकून बघितलं नाही. ती गोष्ट मला तशीच आवडायची.

शाहू महाराज १९०२ साली युरोपला जाऊन आले. तिथली नाट्यगृहं त्यांच्या मनात घर करून राहिली आणि १९१५ साली इथं 'पॅलेस थिएटर' उभं राहिलं. मागच्या अंगाला खासबागेचं कुस्तीचं मैदान. ते असं खोलगट, की पार वरच्या कडेला बसलेल्यालाही मातीतला डाव दिसावा. म्हणजे एकीकडे शेवटच्या माणसाला दिसावं, दुसरीकडे त्याला ऐकू यावं. महाराजांनी मामाचाच विचार केला होता, असं मला आजही वाटतं.

ज्यांचं नाव पुढे या वास्तूला दिलं, ते गायक-नट केशवरावही इथलेच. १९२१ साली बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' या संगीत नाटकात धैर्यधराची भूमिका गायले आणि त्याच वर्षी गेले. वय अवघं एकतीस. माईकशिवाय गाणाऱ्यांचा तो जमाना.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रंगमंच, खुर्च्या, छप्पर, सगळं गेलं. सकाळी मामा रिक्षा करून बघायला गेला आणि तिथूनच फोन केला.

"भिंती हाईत रं," म्हणाला. मग बराच वेळ काहीच बोलला नाही.

"हाक मारून बघितलीस का?" मी विचारलं.

"आत सोडंनात," तो म्हणाला.