डिशवॉशर घेतला आणि सहा आठवडे पांढरी भांडी पुसत बसले : माझा अनुभव

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. तुमच्याकडे टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल आणि इन्स्टॉलेशनला आलेला माणूस "टॅब्लेटमध्येच (म्हणजे साबणाच्या वडीतच) सगळं असतं, मशीनमध्ये मीठ घालायची गरज नाही" असं म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. मी थांबवलं नाही, आणि जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत मशीनमधून निघालेली भांडी रोज सकाळी परत हाताने धुतली. अजून आठवलं की राग येतो.

आम्ही पुण्यातल्या वाघोलीत राहतो, मी, नवरा, मुलगी आणि माझी आई. आठ वर्षं आमच्याकडे भांडी करणाऱ्या मावशी मुलाकडे नगरला कायमच्या राहायला गेल्या, नंतर कोणी टिकेना, आणि मी ऑफिसला गेले की आई मला न सांगता सिंकमधली सगळी भांडी घासून ठेवायची. तिच्या बोटांना भेगा पडून रक्त यायला लागलं तेव्हा मी ठरवलं की आता बास. मॉडेल ठरवणं, पैसे भरणं, डिलिव्हरी, सगळं चार दिवसांत झालं, त्यात सांगण्यासारखं काहीच नाही. ड्राय बाल्कनीत पाऊण इंची नळ आणि सोळा अँपिअरचा सॉकेट आधीपासून होता त्यामुळे प्लंबर-इलेक्ट्रिशियनही लागला नाही.

इन्स्टॉलेशनवाला मुलगा आला, वीस मिनिटांत पाइप जोडून मोकळा झाला. मी विचारलं, दादा मीठ कुठे घालायचं, कारण दुकानात मला मिठाची पिशवी आणि रिन्स एड (शेवटच्या पाण्यात जाणारं, भांडी कोरडी निघावीत म्हणूनचं लिक्विड) घ्यायला लावलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, ऑल इन वन टॅब्लेट वापरा, मीठ वगैरे नाही लागत, मी मिठाचा लाइटच बंद करून देतो म्हणजे तुम्हाला त्रास नाही." त्याने दोन बटणं दाबून धरली, काहीतरी केलं, माझ्याकडून काम पूर्ण झाल्याचा ओटीपी घेतला आणि गेला. मला वाटलं चला, एक काम कमी. त्या दोन बटणांनी पुढचे सहा आठवडे खाल्ले.

पहिल्या सकाळी दार उघडलं तर काचेचे ग्लास धुरकट, आणि स्टीलच्या ताटांवर पांढरी पूड बसल्यासारखी, बोट फिरवलं की बोटाला लागायची. आईच्या लग्नातलं एक फुलपात्र आहे, त्यावर नाव आणि १९७४ साल टिंबाटिंबांनी कोरलंय. त्या प्रत्येक टिंबात पांढरं भरलं होतं, खडूने गिरवल्यासारखं. आई काही बोलली नाही, फक्त ते फुलपात्र चिंच लावून घासत बसली, ते बघून मला जास्त लागलं.

कस्टमर केअरला फोन केला. पहिला प्रश्न, मिठाचा लाइट (मशीनमधलं मीठ संपलं की लागतो तो) लागलाय का? नाही. मग मीठ बरोबर आहे मॅडम, टॅब्लेटचा ब्रँड बदला. बदलला. काही फरक नाही. पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न, लाइट लागलाय का, नाही, मग रिन्स एडचं सेटिंग वाढवा. वाढवलं. भांडी थोडी कोरडी निघाली पण पांढरीच. तिसऱ्यांदा फोन केल्यावर माणूस पाठवला, त्याने येऊन मशीन न उघडताच सांगितलं "तुमचं पाणीच खराब आहे, सोसायटीला सॉफ्टनर बसवायला सांगा." अहो, मशीनच्या पोटात सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारा भाग, आहे म्हणून तर हे मॉडेल घेतलं ना मी! त्यानेही ओटीपी मागितला, मी म्हटलं देणार नाही, तरी संध्याकाळी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. हे असं दोनदा झालं. प्रत्येक वेळी मी हाफ डे टाकून घरी थांबले होते.

मधल्या काळात आमच्या आरओवाल्याने टीडीएस मोजून दिला, ७००च्या वर आला. मी तो आकडा कस्टमर केअरला अभिमानाने सांगितला तर त्यांनी लिहूनही घेतला. पण टीडीएस म्हणजे हार्डनेस नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. टीडीएसमध्ये पाण्यात विरघळलेलं सगळंच येतं, हार्डनेस म्हणजे त्यातलं फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम, आणि पाणी तापलं की भांड्यांवर जो पांढरा थर बसतो तो यांच्यामुळे. मशीनला हार्डनेसचा आकडा लागतो, टीडीएसचा नाही.

तो कसा मोजायचा हे मला माशांच्या दुकानात कळलं, म्हणजे अ‍ॅक्वेरियमचं सामान मिळतं तिथे. तिथे जनरल हार्डनेसची थेंबांची बाटली मिळते. छोट्या काचेच्या नळीत ५ मिली नळाचं पाणी घ्यायचं आणि एकेक थेंब टाकून हलवायचं, पाणी नारिंगी होतं, आणि ज्या थेंबाला ते हिरवं होतं तेवढ्या जर्मन डिग्री तुमचा हार्डनेस. मुलगी मोजत होती, मी थेंब टाकत होते. दहा झाले, पंधरा झाले, नारिंगीच. तेविसाव्या थेंबाला हिरवं झालं. एक डिग्री म्हणजे लिटरला साधारण १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे आमचं पाणी ४०० च्या वर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हार्डनेसची चांगली मर्यादा २०० आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आणि टॅब्लेटच्या खोक्यावर मागे बारीक अक्षरात काय होतं माहितीये? २१ डिग्रीपर्यंतच मीठ न घालता चालेल, त्यापुढे वेगळं मीठ घाला. खोकं माझ्या घरात महिनाभर पडून होतं.

त्या रविवारी मी मॅन्युअल घेऊन बसले. पहिल्यापासून. (मॅन्युअल पहिल्याच दिवशी वाचा, कंटाळा आला तरी निदान हार्डनेसचं पान वाचा.) त्यात लिहिलं होतं की हार्डनेस शून्यावर ठेवला तर मिठाचा लाइट लागतच नाही. मशीनवर तपासलं तर शून्य. म्हणजे त्या मुलाने "लाइट बंद केला" म्हणजे मशीनला सांगितलं की या घरी पाणी एकदम मऊ आहे, तू सॉफ्टनरचं काम करू नकोस. आणि कस्टमर केअरवाले दर फोनला मला विचारत होते लाइट लागलाय का. लागणार कसा! सहा आठवड्यांत एकानेही हार्डनेसचं सेटिंग किती आहे हे विचारलं नाही, एवढा एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मी खुर्चीत बसून अक्षरशः रडले, थोडं रागाने आणि थोडं सुटका झाल्यामुळे.

मग काय केलं ते सांगते. आधी रिकामं मशीन सगळ्यात गरम प्रोग्रामवर लावलं, आत तीन चमचे लिंबूसत्व, साबण नाही. त्याने आतला आणि फवाऱ्यांच्या भोकांवरचा थर गेला. मग हार्डनेस २३ डिग्रीला जो नंबर मॅन्युअलच्या तक्त्यात होता तो सेट केला. मग खालचा रॅक काढून तळाचं गोल झाकण उघडलं, पहिल्या वेळेस त्यात आधी साधारण लिटरभर पाणी ओतायचं असतं, मग फनेलने मीठ, पाणी बाहेर सांडतं, ते सांडू द्यायचं. आणि मीठ भरल्यावर लगेच एक सायकल (धुण्याची फेरी) लावायची, नाहीतर सांडलेलं खारं पाणी स्टीलवर राहून गंज धरतं. मीठ भांड्यांसाठी नसतंच मुळी, आतल्या सॉफ्टनरमध्ये रेझिनचे दाणे असतात ते पाण्यातलं कॅल्शियम पकडतात, भरले की मिठाच्या पाण्याने त्यांना धुऊन परत मोकळं करायचं, एवढंच त्याचं काम.

दुसऱ्या दिवशी ग्लास चकचकीत. तिसऱ्या दिवशी फुलपात्राची टिंबं काळी दिसायला लागली. आईने ते खिडकीशी नेऊन उजेडात बघितलं आणि "आत्ता आलं बाई" एवढंच म्हणाली. मी हे एकटीने शोधून काढलं याचा मला खूप आनंद आहे, लपवत नाही.

आई म्हणाली होती घरातलं खडे मीठ घालू या, पण नको. त्यात इतर क्षार असतात, आणि बारीक आयोडीनवाल्या मिठाने गठ्ठा होतो. डिशवॉशरचं जाड दाणेदार मीठच घ्यायचं. आम्हाला रोज एक सायकल लावून महिन्याला किलोच्या आसपास लागतं.

तुमच्या काचेवर पांढरं असेल तर आधी व्हिनेगरचा थेंब टाकून पुसून बघा. गेलं तर क्षार आहेत. नाही गेलं तर काचच झिजलीये, ती परत येत नाही. हे मला नंतर कळलं, माझे सुदैवाने क्षारच होते.

भांड्यांचं म्हणाल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आत घालू नका, काळा पडतो, आमचा एक गेला. लोखंडी तवा, बिडाची कढई, तांब्या-पितळेचं, पोळपाट-लाटणं हे सगळं बाहेरच. मिक्सरच्या भांड्याचा पात्याचा भागही मी हातानेच धुते. वाट्या सपाट पालथ्या न घालता तिरक्या लावा नाहीतर खालच्या खोलगट भागात पाणी साचतं. आणि बटण दाबायच्या आधी फवाऱ्याचं पातं हाताने एकदा फिरवून बघा, माझ्या उलथण्याचा दांडा दोनदा खाली लोंबकळून त्याला अडत होता आणि वरचं अर्धं मशीन खरकटंच निघालं.

भांडी विसळून घालायची गरज नाही, नुसतं खरकटं काढायचं. पण मोहरी, कढीपत्ता, भाताची शितं यांनी खालची जाळी भरते, ती मी दर दोन दिवसांनी काढून ब्रशने धुते. तेलकट कढया असतील त्या दिवशी ७० डिग्रीचा प्रोग्राम, एरवी इको. इकोला तीन तासांच्या वर लागतात म्हणून बिघडलंय असं समजू नका, वेळ जास्त घेऊनच ते वीज-पाणी कमी वापरतं.

हो, आणि ओटीपी. इन्स्टॉलेशनवाल्यासमोर एक पूर्ण सायकल होऊन भांडी बाहेर काढेपर्यंत देऊ नका. तो घाई करेल, पुढचा कॉल आहे म्हणेल. तरी नको. हार्डनेसचा नंबर त्याला स्क्रीनवर दाखवायला सांगा आणि फोटो काढून ठेवा.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर वाढतात, पाणी आणखी जड होतं, त्यामुळे एप्रिलच्या शेवटी परत थेंब मोजले. सत्तावीस आले. पण तक्त्यात त्याच नंबरात बसत होते म्हणून सेटिंग बदललं नाही.

रात्री मशीन आता आईच लावते, बोटांच्या भेगा भरल्यात. गेल्या मंगळवारी सकाळी ती मला उठवायला आली, म्हणाली, "अगं, तो मिठाचा लाइट लागलाय बघ." ऑफिसला निघायच्या आधी फनेल घेऊन बसले, मीठ भरलं, रिकामी सायकल लावली आणि मग निघाले.