डेन्ट्री: समुद्रापर्यंत उतरलेलं जंगल

डेन्ट्री नदीवर पूल नाही. ऑस्ट्रेलियात उत्तर क्वीन्सलंडमधल्या केर्न्सहून किनाऱ्याकिनाऱ्याने वर निघालं की मॉसमन गाव मागे पडतं, उसाची शेतं संपतात आणि रस्ता नदीपाशी येऊन थांबतो. तिथून तारेवर ओढली जाणारी फेरीबोट गाड्या पलीकडे नेते. दाभोळ-धोपाव्याच्या बोटीवर गाडी चढवलेल्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच की इथे पुलाची मागणी निघाली की तिला विरोध करायला स्थानिकच पुढे येतात. नदीपलीकडे विजेचे खांबही गेलेले नाहीत. घरं, खानावळी, मुक्कामाच्या जागा सगळं सौरऊर्जा आणि जनरेटरवर चालतं. हा दूरपणा आपोआप उरलेला नाही, माणसांनी भांडून तो राखला आहे. किनाऱ्याच्या सौंदर्याइतकंच मला ते भांडण मोलाचं वाटतं.

नदी ओलांडली की अलेक्झांड्रा डोंगररांगेचा घाट लागतो. डिसेंबर 2023 मध्ये जॅस्पर चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यात काही ठिकाणी थोड्याच दिवसांत 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. दरडी कोसळल्या, हा घाट बंद झाला आणि पलीकडची वस्ती तुटून पडली. घाटमाथ्यावर गाडी थांबवली तर खाली नदीचं मुख दिसतं, समोर स्नॅपर बेट आणि डावीउजवीकडे फक्त जंगल.

केप ट्रिब्युलेशनच्या वाळूवर उभं राहिल्यावर या जागेचं वेगळेपण कळतं. पाठीमागे 1988 साली जागतिक वारशाच्या यादीत आलेलं वर्षावन, समोर 1981 पासून त्याच यादीत असलेली ग्रेट बॅरिअर रीफ. कड्यावरची झाडं भरतीच्या रेषेपर्यंत खाली आलेली, फांद्या वाळूवर टेकलेल्या. जून 1770 मध्ये कॅप्टन कुकचं एंडेव्हर जहाज जवळच्याच प्रवाळावर आदळलं आणि त्या संकटावरून त्याने या भूशिराला हे नाव दिलं. इथल्या मूळ रहिवाशांसाठी, ईस्टर्न कुकू यलांजी लोकांसाठी, ही जागा त्याच्या कितीतरी आधीपासून कुल्की आहे.

मार्जाच्या लाकडी पायवाटेवर मी सगळ्यात जास्त रेंगाळले. सुरुवातीला दाट वर्षावन, मग पायाखालची माती काळी आणि ओली होत जाते आणि कधी कांदळवनात आलो ते समजतच नाही. कोकणातल्या माणसाला हे ओळखीचं आहे. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं, कांदळांची कमानीसारखी मुळं, खेकड्यांची बिळं. डोंगरावरून येणारा गाळ ही मुळं अडवतात, म्हणून पुढचं प्रवाळ जगतं. वरचं जंगल तोडलं तर खालचा समुद्र गढूळ होणार, इतका सरळ हिशेब आहे.

याच जंगलात इडिओस्पर्मम नावाचं झाड आहे. 1971 मध्ये या भागातली काही गुरं अचानक मेली आणि त्यांच्या पोटात न ओळखता येणाऱ्या बिया सापडल्या. त्यातून या झाडाचा पत्ता पुन्हा लागला. तोवर ते नामशेष झालं असंच समजत होते. मुठीएवढी जड, विषारी बी, आणि नेहमीच्या दोन बीजपत्रांऐवजी तीन-चार. फुलझाडांच्या अगदी जुन्या वंशातलं हे झाड. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकेकाळी गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते हे शाळेत पाठ केलेलं वाक्य मला त्या खोडाला हात लावताना पहिल्यांदा खरं वाटलं.

आणि कॅसोवरी, इथला न उडणारा मोठा पक्षी. सकाळी रस्त्याच्या कडेला आधी तिची विष्ठा दिसली. जांभळट लगद्यात अख्ख्या बियांची रास, काही सुपारीएवढ्या, काही त्याहून मोठ्या. त्यातल्या खडबडीत, खोल खाचांच्या बिया बघून मी खाली वाकले, कारण ते हुबेहूब रुद्राक्ष होते. इथलं निळ्या फळांचं क्वानडाँग हे रुद्राक्षाच्याच गणातलं झाड. कॅसोवरी ती फळं न चावता गिळते आणि बिया दूरवर नेऊन टाकते. इतकी मोठी फळं गिळू शकणारा दुसरा प्राणी या जंगलात जवळपास नाहीच. इथल्या रायपरोसा नावाच्या झाडाच्या ताज्या बियांपैकी अवघ्या 4 टक्के रुजतात, तर कॅसोवरीच्या पोटातून गेलेल्या 92 टक्के रुजतात असं संशोधकांना आढळलं आहे.

थोडं पुढे गेल्यावर प्रत्यक्ष दर्शन झालं. माझ्या खांद्याएवढा उंच नर, केसांसारखी काळी पिसं, निळी मान, गळ्याशी लोंबणाऱ्या दोन लाल पाळी, डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा. मागे तपकिरी पट्ट्यांची दोन पिल्लं. मादी अंडी घालून निघून जाते. सुमारे 50 दिवस अंडी उबवणं आणि पुढे कित्येक महिने पिल्लं सांभाळणं हे सगळं नराचं काम. पायाच्या आतल्या बोटाला सुरीसारखी लांब नखी असते, त्यामुळे आम्ही गाडीतून उतरलो नाही. तो रस्ता ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंच्या गाड्या इंजिन बंद करून उभ्या होत्या. गाड्यांची धडक आणि मोकाट कुत्री हेच या पक्ष्याचे मोठे वैरी आहेत, म्हणून इथे वेगमर्यादेच्या पाट्या पावलोपावली आहेत आणि बहुतेक जण त्या पाळतात.

ऐंशीच्या दशकात हे सगळं हातचं जायला आलं होतं. नदीच्या उत्तरेकडच्या सखल जंगलाचे हजाराहून जास्त प्लॉट पाडून विकायला काढले होते. डिसेंबर 1983 मध्ये केप ट्रिब्युलेशनपासून ब्लूमफील्डकडे रस्ता काढायला बुलडोझर आले तेव्हा आंदोलक झाडांवर चढून बसले, काहींनी स्वतःला गळ्यापर्यंत जमिनीत गाडून घेतलं. रस्ता शेवटी झालाच. पण त्या दिवसांनी देश जागा झाला आणि राज्य सरकारचा विरोध असूनही 1988 ची नोंद झाली. विकले गेलेले प्लॉट एकेक करून परत विकत घेऊन जंगलाला जोडण्याचं काम अजून चालू आहे. मी त्या आंदोलकांची मनापासून ऋणी आहे.

सप्टेंबर 2021 मध्ये डेन्ट्रीसह चार राष्ट्रीय उद्यानांची 1,60,000 हेक्टरहून जास्त जमीन ईस्टर्न कुकू यलांजी लोकांना परत मिळाली. आता ते सरकारच्या बरोबरीने तिचा कारभार बघतात. मॉसमन गॉर्जला त्यांच्यापैकीच एका वाटाड्याबरोबर फिरता येतं. आमच्या वाटाड्याने आधी धुरी देऊन स्वागत केलं. मग ओढ्याकाठी एका झाडाची पानं पाण्यात चोळून हातभर फेस काढून दाखवला. त्यांचा हा साबण. आपल्या रिठ्यासारखाच.

जायचं तर जून ते ऑक्टोबर हा काळ बरा. नोव्हेंबर ते मे समुद्रात जीवघेणे डंख करणारे जेलीफिश असतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी मात्र वर्षभर असतात, त्यामुळे ओढ्यांच्या मुखाशी आणि नदीकाठी पाण्याजवळ जाऊच नका. वाटेत हृदयाच्या आकाराची मोठी, लवदार पानं दिसली तर हात लावू नका, गिम्पी-गिम्पीच्या काट्यांची आग महिनोन्‌महिने राहते. फेरीआधी पेट्रोल भरून घ्या आणि नकाशे मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, पलीकडे रेंज क्वचितच मिळते. केप ट्रिब्युलेशनपुढचा ब्लूमफील्डचा रस्ता कच्चा आहे, तो फोर व्हील ड्राइव्हवाल्यांसाठीच. पावसात ओढे फुगले की तोही बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा.